विश्लेषण : एका ओळीत दोनच धागे, तरी स्वेटरवर डझनभर रंग! ‘फेअर आयल’ विणकाम शिकणाऱ्यांना वेड का लावते?

टोकियो ऑलिम्पिक, 2021. प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून शांतपणे विणकाम करणारा ब्रिटिश डायव्हिंगपटू टॉम डेली आणि त्याचे जगभर पसरलेले छायाचित्र अनेकांना आठवत असेल. सुवर्णपदकावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने एक छोटी पिशवीही विणली होती. तिच्या एका बाजूला ब्रिटनचा ध्वज होता, दुसऱ्या बाजूला जपानचा. डेलीने हातात सुया घेतल्या होत्या त्या 2020 मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी.

हाच डेली नोव्हेंबर 2025 मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर’वर ‘गेम ऑफ वूल’ या विणकाम स्पर्धेचा सूत्रधार म्हणून झळकला आणि मालिकेवरून वादही झाला. ‘फेअर आयल’ या नावाखाली जे विणून घेतले गेले ते मुळात फेअर आयलच नव्हे, असा आक्षेप स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या विणकरांनी घेतला. लोकरीच्या एका नक्षीवरून इतका आग्रह कशासाठी? आणि हे तंत्र एकदा हाताला लागले की सुटत नाही, असे शिकणारे का सांगतात?

फेअर आयल नेमके आहे कुठे?

फेअर आयल हे एका बेटाचे नाव आहे. ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मध्ये, खवळलेल्या समुद्रात ते वसले आहे. लांबी साधारण पाच किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी आणि लोकवस्ती सुमारे 50. आपल्याकडच्या एखाद्या लहान गृहसंकुलात याहून जास्त माणसे राहतात. 1954 पासून हे बेट ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ या संस्थेच्या मालकीचे आहे.

बेटावर एक लोकप्रिय दंतकथा सांगितली जाते. 1588 मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमारातले ‘एल ग्रान ग्रिफोन’ हे जहाज येथे फुटले. त्यातून वाचलेल्या खलाशांकडून बेटावरच्या बायका ही नक्षी शिकल्या, असे म्हणतात. गोष्ट छान आहे आणि जहाज फुटल्याचा इतिहासही खरा आहे. मात्र नक्षी त्या खलाशांकडून आल्याचा पुरावा नाही. बेटावरच्या रंगीत टोप्या आणि इतर विणकामाच्या ठोस खुणा मिळतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या. लाल, निळा, पिवळा, पांढरा आणि मेंढीच्या लोकरीचा नैसर्गिक तपकिरी, हे त्या जुन्या कामातले मुख्य रंग.

हे तंत्र चालते कसे?

फेअर आयलचा स्वेटर पाहिला की वाटते, हे विणणाऱ्याच्या मांडीवर दहा-बारा लोकरीचे गुंडे एकाच वेळी गुंतत असणार. प्रत्यक्षात नियम अगदी सोपा आहे : एका ओळीत जास्तीत जास्त दोन रंग. एक पार्श्वभूमीचा आणि एक नक्षीचा. प्रत्येक टाक्याला प्रश्न एकच असतो, हा धागा की तो? संगणकाच्या भाषेत सांगायचे तर शून्य की एक.

मग डझनभर रंग येतात कुठून? दर दोन-चार ओळींनी दोनपैकी एखादा धागा बदलला जातो. पार्श्वभूमी गडद तपकिरीकडून हळूहळू पिवळसर होत जाते आणि नक्षी निळ्याकडून फिकट आकाशीकडे. कोणतीही एक ओळ पाहिली तर दोनच रंग सापडतात. डोळ्यांना मात्र सगळा पट्टा एकत्र दिसतो.

दुसरी खुबी म्हणजे हे काम सपाट न विणता गोल विणले जाते. आपल्याकडे स्वेटर बहुधा पुढचा भाग, मागचा भाग असा वेगवेगळा विणतात. त्यामुळे एक ओळ सुलट आणि परतताना दुसरी ओळ उलट घालावी लागते. गोल विणताना कामाची पुढची बाजू कायम समोर राहते. त्यामुळे सगळे टाके सुलटच येतात आणि नक्षी डोळ्यांसमोर वाढताना दिसते. शेटलंडच्या विणकरांचे पारंपरिक साधन म्हणजे कमरेचा चामडी पट्टा. त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली, भोके पाडलेली छोटी उशी असते. सुईचे एक टोक त्या भोकात खोचले की हात मोकळे राहतात आणि वेग वाढतो.

खरी परीक्षा मागच्या बाजूला का?

एका रंगाचे टाके चालू असताना दुसरा धागा कापला जात नाही. तो कापडाच्या मागून आडवा मोकळा जातो आणि आपली पाळी आली की पुढे येतो. नवशिक्यांची पहिली अडचण इथेच होते. हा मागचा धागा घट्ट ओढला गेला तर कापडाला चुण्या पडतात आणि स्वेटर अंगात शिरत नाही. फार सैल सोडला तर पुढचे टाके ढिले दिसतात आणि मागचे फासे बोटात, अंगठीत अडकतात.

उपाय साधा आहे. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी थोडे पसरवायचे आणि मगच नवा धागा घ्यायचा. पारंपरिक नक्षी रचणाऱ्यांनीही याची काळजी घेतलेली दिसते. एकाच रंगाचे साधारण पाच ते सात टाके झाले की दुसरा रंग येतोच. त्यामुळे मागचा धागा कधी फार लांब राहत नाही. शिवाय मागच्या धाग्यांमुळे कापडाला जणू दुसरा थर मिळतो. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांसाठी ही ऊब कामाची होती.

आणखी एक बारकावा सरावानेच कळतो. दोन धाग्यांपैकी जो मागच्या बाजूला खालून येतो, त्याचे टाके किंचित ठसठशीत दिसतात. म्हणून नक्षीचा धागा कायम खालून आणि पार्श्वभूमीचा कायम वरून घ्यायचा. मध्येच अदलाबदल झाली तर रंग तेच राहूनही नक्षी फिकी पडल्यासारखी वाटते.

विणकामात गणित कुठे येते?

नक्षीचा आराखडा चौकटींच्या कागदावर काढलेला असतो. एक चौकट म्हणजे एक टाका, जसा मोबाइलच्या पडद्यावरचा एक पिक्सेल. फरक इतकाच की पिक्सेल चौरस असतो आणि साध्या विणीतला टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त. त्यामुळे कागदावर काढलेले गोल वर्तुळ लोकरीवर थोडे चपटे उतरते. दोन धाग्यांच्या विणीत मात्र टाका चौरसाच्या बराच जवळ जातो.

आता टोपीचे उदाहरण घेऊ. नक्षी 12 टाक्यांची असेल आणि सुईवर 100 टाके घातले, तर आठ वेळा नक्षी बसून चार टाके उरतात आणि फेरी जुळते तिथे नक्षी तुटते. 96 किंवा 108 टाके घेतले तर ती बरोबर बसते. त्याच टोपीवर आठ टाक्यांची दुसरी बारीक नक्षीही हवी असेल तर शाळेतला लसावि आठवावा लागतो. 12 आणि 8 यांचा लसावि 24. म्हणजे टाके 96 किंवा 120 हवेत, 108 चालणार नाहीत. 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाके बसत असतील तर 96 टाक्यांचा घेर 48 सेंटीमीटर भरतो. थोडी बारीक सुई घेऊन 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसवले तर 120 टाक्यांचा घेर साडेचोपन्न सेंटीमीटरच्या आसपास येतो. दोन धाग्यांचे कापड साध्या विणीपेक्षा कमी ताणले जाते, हे लक्षात घेऊनच माप ठरवतात.

तयार स्वेटरला कात्री का लावतात?

सगळे गोल विणले तर स्वेटर म्हणजे एक नळी होते. मग बाह्या आणि पुढची बटणपट्टी कुठून येणार? शेटलंडचे उत्तर ऐकून नवशिक्यांना धडकी भरते : विणून झाल्यावर कात्रीने कापायचे! जिथे कापायचे तिथे आधीच काही जादा टाके विणून ठेवलेले असतात. या पट्टीला ‘स्टीक’ म्हणतात. तिच्या बरोबर मधून कात्री चालवली जाते, कडांवरून टाके उचलले जातात आणि बाही विणली जाते.

टाके सरसर उसवत का नाहीत? कारण लोकर. शेटलंड मेंढीच्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात. शिवाय साधी वीण उसवते ती वरून खाली, आडवी नव्हे. कापलेली कड काही धुण्यांनंतर आणखी घट्ट बसते. शिकणाऱ्यांच्या लेखी ही कात्री म्हणजे पहिल्यांदा हायवेवर गाडी घालण्यासारखे असते. एकदा जमले की भीती कायमची जाते.

शिकण्यात आनंद नेमका कशाचा?

पहिले कारण म्हणजे फळ लगेच दिसते. एकरंगी स्वेटरमध्ये 20 ओळी झाल्या तरी चित्र तेच राहते. इथे प्रत्येक फेरीनंतर नक्षी एक पायरी पुढे सरकते. पाचव्या ओळीत तिरक्या रेघांसारखे वाटणारे काही आठव्या ओळीत फूल होते. ‘एवढी एक ओळ संपवून उठते’ असे म्हणणारी व्यक्ती तासभर उठत नाही, ती यामुळेच.

दुसरे कारण, कागद हळूहळू सुटतो. पारंपरिक नक्षीत रंगाची सीमा बहुतेक वेळा एका टाक्याने डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. नक्षीचा वरचा अर्धा भाग खालच्याचे प्रतिबिंब असतो. सुरुवातीला प्रत्येक चौकट मोजणारा माणूस दोन-तीन नक्ष्यांनंतर खालच्या ओळीकडे पाहून पुढची ओळ ओळखू लागतो. चूक झाली तरी चार-सहा टाक्यांतच ती डोळ्यांना खटकते. परकी लिपी शिकताना अक्षरे जुळवणे थांबून शब्द वाचता येऊ लागतात, तसाच हा क्षण असतो.

तिसरे कारण रंगांचे. दुकानात शेजारी ठेवलेले दोन सुंदर रंग विणल्यावर एकमेकांत विरघळून जातात आणि न शोभणारी जोडी खुलून दिसते. याची एक सोपी चाचणी मोबाइलमध्येच आहे. दोन्ही गुंड्यांचा फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर नक्षी उठून दिसणार नाही. एक गडद आणि एक फिका दिसला तर जोडी जमली.

विणकाम आणि मन:स्वास्थ्य यांवर अभ्यासही झाला आहे. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’मध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात अनेक देशांतील 3,545 विणकरांनी भाग घेतला. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. अर्थात हे विणकरांनी स्वत:बद्दल सांगितलेले अनुभव आहेत. विणकाम हा उपचार असल्याचा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

मग विणकरांचे पोट का भरले नाही?

आनंदाच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे. शेटलंडच्या बायकांसाठी विणकाम हा छंद नव्हता. घरकाम, शेती सांभाळून, पाठीवर ओझे वाहून नेतानाही त्या विणत असत. मोबदला मात्र अनेकदा रोख मिळत नसे. व्यापारी त्याबदल्यात चहा, कापड असा माल देत. या पद्धतीची सरकारी चौकशी होऊन 1872 मध्ये अहवालही निघाला.

1922 मध्ये तेव्हाचे युवराज एडवर्ड यांनी सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आयल स्वेटर घातला आणि या नक्षीची फॅशन आली. मागणी वाढली, तशी यंत्रावरची नक्कलही वाढली. पुढे 1970 च्या दशकात शेटलंडजवळच्या समुद्रात तेल उद्योग आला, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या आल्या आणि सुया बाजूला पडल्या.

अलीकडचा हिशेब करून पाहता येतो. मोठ्या माणसाचा हाताने विणलेला एक स्वेटर पूर्ण व्हायला 100 तास लागतात, असे धरू. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 मध्ये प्रौढांचे किमान वेतन तासाला 12.21 पौंड झाले होते. म्हणजे लोकरीचा खर्च सोडून नुसती मजुरीच 1,221 पौंड, अर्थात सव्वा लाखाहून अधिक रुपये. एवढी किंमत देणारे गिऱ्हाईक मोजकेच. नक्षी मात्र कोणीही उचलतो. डिसेंबर 2015 मध्ये ‘शनेल’ या फ्रेंच फॅशन कंपनीच्या संग्रहात फेअर आयलवरील एका विणकर महिलेच्या नक्ष्या दिसल्या. टीका झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून तिला श्रेय दिले.

‘गेम ऑफ वूल’वरचा आक्षेप या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे पैसा फारसा आला नाही, त्यांच्याकडे निदान नाव आणि पद्धत तरी राहावी, एवढीच ती मागणी आहे.

कला टिकवणार कोण?

शेटलंडच्या शाळांत मुलांना विणकाम शिकवले जात असे. 2010 मध्ये खर्चकपातीत ते बंद झाले. पुढे काही वर्षांत स्थानिक जाणकारांनी ‘शेटलंड पीरी मेकर्स’ हा उपक्रम सुरू केला. ‘पीरी’ म्हणजे तिथल्या बोलीत लहान. यात स्वयंसेवक मुलांना पारंपरिक पद्धतीने, कमरेच्या पट्ट्यासह विणकाम शिकवतात.

2010 मध्येच ‘शेटलंड वूल वीक’ हा महोत्सवही सुरू झाला. या महोत्सवानिमित्त टोपीचा नवा नमुना जाहीर होतो आणि वेगवेगळ्या देशांतले लोक तीच टोपी आपापल्या रंगांत विणतात. त्यातल्या बहुतेकांना ती विकायची नसते. ज्या कामावर घर चालत नाही, ते काम पुढच्या पिढीत जायचे तर शिकणाऱ्याला त्यात गोडी वाटणे हाच आता मोठा आधार उरला आहे. म्हणूनच शिकवणारे मुलांच्या हाती आधी स्वेटर देत नाहीत. लवकर पूर्ण होईल असे छोटे काम देतात.

महाराष्ट्रात सुरुवात कशी करता येईल?

आपल्याकडे लोकरीचे विणकाम नवे नाही. बाळासाठी टोपडे, मोजे, स्वेटर विणणाऱ्या आज्या अनेक घरांत होत्या, आहेत. ‘एक सुलट, एक उलट’ हा विणकामातला हिशेब तर रोजच्या बोलण्यातही आला आहे. ज्यांना सुलट टाका येतो, त्यांना फेअर आयलसाठी नवे शिकायचे आहे ते फक्त दोन धागे सांभाळणे.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, आपल्या दुकानांत मिळणारी ‘लोकर’ बहुतांश अॅक्रिलिक असते. नक्षी शिकायला ती उत्तम आणि स्वस्त. पण हा धागा गुळगुळीत असल्याने कात्रीचा प्रयोग त्यावर करू नये. करायचाच तर आधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीन मारून घ्यावी. घोंगडीसाठी वापरली जाणारी दख्खनी मेंढीची लोकर अस्सल असली तरी ती राठ असते आणि अंगाला टोचते. दुसरी, हे कापड उबदार असते. मुंबई-कोकणच्या हवेत त्याचा स्वेटर पेटीतच राहील. टोपी, मोबाइलचे कव्हर किंवा उशीचा अभ्रा ही सोयीची सुरुवात.

दोन धागे एकदम नकोच वाटत असतील तर ‘मोझेक’ विणकामाचा मार्ग आहे. अमेरिकी लेखिका बार्बरा वॉकर यांनी 1970 च्या दशकात हे तंत्र नावारूपाला आणले. यात दोन ओळी एकाच रंगाने विणायच्या आणि दुसऱ्या रंगाचे जे टाके हवेत ते न विणता नुसते सुईवरून सरकवायचे. पुढच्या दोन ओळींत रंगांची अदलाबदल. हातात कायम एकच धागा राहतो, तरी नक्षी दुरंगी दिसते.

पहिल्या प्रयत्नासाठी साहित्य फार लागत नाही. एक गडद आणि एक फिका असे दोन गुंडे, तारेने जोडलेली गोल सुई आणि चौकटींची वही. नक्षी चार टाक्यांची घ्यावी, म्हणजे मागचा धागा लांब राहत नाही. पहिल्या दहा ओळी झाल्या की काम उलटून मागची बाजू पाहावी. मागचे धागे सपाट पडले असतील आणि कापडाला चुणी नसेल तर 12 टाक्यांच्या नक्षीकडे जायला हरकत नाही.